घाटापलीकडची आई

दहा वर्षं अबोला धरलेल्या आईनं निदान नातीच्या लग्नाला बिश्केकला यावं, म्हणून बुरुलनं भावाला गाडी देऊन आलाबेल घाटापलीकडे धाडलं. भाऊ सामात एकटाच परतला.

"तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही म्हणाली. आणि घाटात ब्रेक तापून डिस्क वाकली बघ, गाडी थरथरते."

लग्न आईविनाच झालं. मग बुरुलनं गाडी गॅरेजात नेली आणि घाटात ब्रेक तापल्याचं सांगितलं.

"तापलेली डिस्क निळी पडते, ताई. ही स्वच्छ आहे," ताशमत मिस्त्री म्हणाला. "चाकाचे नट कमीजास्त आवळलेत, म्हणून वाकली. ही गाडी काही घाट उतरलेली नाही."

बुरुलनं तिथूनच आईला फोन लावला. "लग्नाला का नाही आलीस?"

"कुणाच्या लग्नाला, बाळ?"