सौद्याचा रुमाल

समुपदेशक बाईंसमोर आरवाडेशेठ नुसती चुळबुळ करत होते. हळदीच्या सौद्यात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्यात हयात गेलेली. मनातलं उघड करणं म्हणजे नुकसान. पण झोप उडाली, अन्न नकोसं झालं, तेव्हा बायकोनं बजावलं होतं, "आजही गप्प बसलात, तर मी माहेरी!"

"मन किती जड वाटतं, दहापैकी?" बाईंनी विचारलं.

शेठनी सवयीनं हातावर रुमाल टाकून हात पुढे केला.

"मला बोटांचं कळत नाही हो, शेठ. तोंडानं सांगा."

रुमाल चुरगळला. "जगावंसं वाटत नाही," शेठ म्हणाले, आणि मग थांबेचनात.

बाहेर बायकोनं विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

"त्या कुठं? मीच बोललो. बुधवारी परत बोलावलंय." शेठ डोळे पुसत भज्यांच्या गाड्याकडे वळले. "भूक लागलीय गं."