साळुबाईचा फोटो

“परवापर्यंत चालत होता ना हा?” हर्षानं विचारलं.

सूरजनं मान वर केली नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर सरकत होती. “लिनक्सचं असंच असतंय, ताई. स्कॅनर जोडल्याला हाये, पण कॉम्प्युटरला दिसंना झालाय.”

जुन्नरच्या बाजारपेठेत हर्षाच्या सासरचं लग्नपत्रिकांचं दुकान. व्हायरसनं कॉम्प्युटर सारखा मान टाकायला लागला, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, खेमचंदशेठनी, निरगुडसरच्या सूरजला बोलावलं. पोरगा पुण्यात शिकून आलेला. त्यानं मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून ही लिनक्सची फुकटची सिस्टिम घातली. आधी प्रिंटरनं छळलं. ओळी जिना उतरल्यासारख्या तिरक्या खाली जायच्या, मराठीच्या जागी नुसते चौकोन उमटायचे. सूरजनं ते मार्गी लावलं, स्कॅनरही लावून दिला. ओझरच्या विघ्नहराचं चित्र पत्रिकेवर असं झकास उतरलं, की शेठ गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवायचे.

आणि साळुबाई फोटो देऊन गेली, त्याच दिवशी स्कॅनर आंधळा झाला.

साळुबाई आपटाळ्याकडची. तिचा नवरा ऐन तारुण्यात मुंबईला कामाला म्हणून गेला, तो परतलाच नाही. ती वाट पाहत राहिली. आता भावकीनं ठरवलं होतं, की पुरे झालं; तो मेला असं धरून दर्भाचा पुतळा करायचा आणि क्रिया उरकून टाकायची. त्यासाठी फोटो हवा होता. होता तो एकच, जत्रेत काढलेला, बोटभर, ओल लागून तोंडावर डाग पडलेला.

“मोठा करा, अन् त्वांड दिसू द्या,” ती म्हणाली होती. “मलाबी आता नीट आठवंना.”

सूरज तेव्हा तिथंच होता. फोटो घेऊन तो दाराशी उजेडात गेला आणि बराच वेळ पाहत राहिला.

“नाव काय ह्यांचं?”

“धर्माजी,” हर्षानंच सांगितलं. साळुबाई नवऱ्याचं नाव थोडीच घेणार!

तेव्हापासून सूरज रोज येत होता. खुडबूड करायचा, मान हलवायचा, निघून जायचा. पैसे देऊ केले तर हात मागे घ्यायचा.

“फुकट राबणाऱ्याची मला धास्ती वाटते,” शेठ म्हणाले. “ह्याचा डोळा कशावर तरी आहे.”

साळुबाई चौकशीला आली, की तो तिच्याशी बोलत बसायचा. दीर कसा आहे, जमीन कुणाच्या नावावर, क्रिया कधी. एकदा तिनं हर्षाला बाजूला घेतलं. “पोरगं लई इचारपूस करतंय. माज्या वावरावर तर नजर न्हाई ना त्याची?”

दुसऱ्या दिवशी सूरज म्हणाला, “ताई, फोटो माझ्याकडं द्या. दुसरीकडनं स्कॅन करून आणतो.”

“नको,” हर्षा म्हणाली. तिनं फोटो कपाटात ठेवला आणि किल्ली कनवटीला लावली.

त्याच दुपारी ती नेट कॅफेत गेली. लिनक्सवाल्यांचा एक मेलचा गट होता. तिथं तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं लिहिलं. कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं. अमुक फाइल उघडा, तिच्यात स्कॅनरची नावं आहेत. ज्या नावापुढं आडव्याउभ्या रेघांची # अशी फुलीजाळी असेल, ते नाव कॉम्प्युटर वाचतच नाही.

तिनं फाइल उघडली. नावांची लांबलचक रांग. फुलीजाळी एकाच नावापुढं होती. त्यांच्या स्कॅनरच्या.

ही खूण आपोआप उमटत नाही, कुणाला तरी बटण दाबावं लागतं. आणि त्या फाइलला हात लावायचा पासवर्ड तिच्याखेरीज एकालाच ठाऊक होता.

तिनं खूण पुसली. स्कॅनर घरघरला, झाकणाखालून उजेडाची पट्टी सरकली.

बाजारच्या दिवशी साळुबाई आली, तोवर हर्षानं पडद्यावर एकेक डाग टिपून काढला होता. टोपी, बाह्या, गळ्यातला ताईत. चेहरा ती तुकड्यातुकड्यानं साफ करत गेली, सबंध तिनं पाहिलाच नव्हता.

इतक्यात सूरज आला. स्कॅनरचा दिवा पाहून उंबऱ्यातच थबकला.

“खूण तू घातलीस,” हर्षा म्हणाली.

तो नाही म्हणाला नाही. “क्रिया थोडी पुढं ढकला म्हनावं, ताई. एवढंच ऐका.”

“का रे?” शेठ गादीवरून उठले. “तिच्या क्रियेशी तुझा काय संबंध? बोल, नाहीतर चौकीवर नेतो.”

सूरज साळुबाईकडे बघत राहिला.

हर्षानं प्रिंटचं बटण दाबलं. कागद कुरकुरत, थांबत थांबत पुढं सरकला. टोपी. कपाळ. भुवया. नाक. हर्षानं तो उचलला. तिनं दाराकडे पाहिलं. पुन्हा कागदाकडे पाहिलं. टोपी काढली असती, तर कागदावर सूरजच होता.

साळुबाईनं तिच्या हातातून कागद घेतला. सावकाश पाहिला. मग सूरजपुढं जाऊन उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचा आवाज अगदी हळू होता.

“तुजा बा बरा हाये ना रं?”