साहेबांचं दार

कचेरीच्या बैठकीत पडद्यावर सूचना झळकली आणि साहेबांनी चेहरा शक्य तितका कोरा केला.

"साहेबांच्या खोलीला पुन्हा दार बसवावे. त्यांना विचार करायला एकांत मिळत नाही," ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या बाईंनी मोठ्यानं वाचलं. "बाजूनं एक मत. विरोधात झाडून सगळे."

ते एक मत कुणाचं, हे साहेबांना ठाऊक होतं. सूचनाही त्यांचीच होती. नव्या ॲपवर नाव न देता काहीही सुचवता येई, आणि लिहिणाऱ्याचं नाव खुद्द साहेबांनाही कळणार नाही, अशी हमी साहेबांनीच छातीवर हात ठेवून दिली होती.

"कोण असेल हो हा?" गाद्या घरपोच करणाऱ्या ट्रकमामांनी विचारलं.

"कुणी का असेना," साहेब म्हणाले, "भला माणूस दिसतो."

दार त्यांनी आपल्याच हौसेनं काढलं होतं. नेतृत्वावरच्या एका शिबिरातून ते भारावून परतले आणि दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावून म्हणाले, "साहेबाचं दार सदैव उघडं हवं." सुतार म्हणाला, "मग उघडं ठेवा की." पण साहेबांना काहीतरी भव्य करायचं होतं. दार बिजागऱ्यांतून निघालं, टाळ्या पडल्या, फोटो निघाला. "आता हे ठेवू कुठे?" सुतारानं विचारलं. "ठेव कुठेतरी," साहेब म्हणाले आणि फोटोसाठी पुन्हा हसले.

कंपनी गाद्यांची. खोलीतल्या दिवाणावर कंपनीची सगळ्यांत महाग गादी अंथरलेली असे, आणि जेवणानंतर दार लोटून साहेब तिच्यावर तासभर आडवे होत. याला ते 'दर्जाची तपासणी' म्हणत. दार गेलं आणि तपासणी बंद पडली. खोली नेमकी तक्रारीच्या खिडकीसमोर. एकदा साहेबांचा खुर्चीतच डोळा लागला, तर गादी परत करायला आलेला ग्राहक खिडकीतून डोकावून म्हणाला, "तुमचे साहेबसुद्धा गादीवर झोपत नाहीत वाटतं?"

घरी फोन करून गाऱ्हाणं सांगावं, तर बायको म्हणाली, "अहो, मग बसवा ना दार परत."

"हळू बोल, सगळ्यांना ऐकू जातंय," साहेब पुटपुटले. बाहेर कुणीतरी खोकलं.

परत बसवणं सोपं नव्हतं. दार निघाल्यापासून तक्रारी निम्म्यावर आल्या होत्या. मुख्य कचेरी खूश होती. 'उघडं दार, खुलं मन' या विषयावर साहेबांनी सगळ्या शाखांत भाषणं द्यावीत, असं पत्रही आलं होतं. अशा माणसानं आपल्याच तोंडानं दार मागायचं कसं? म्हणून ती सूचना. आणि तीही पडली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. लोकांना मी सतत समोर हवा असतो, ते मनाशी म्हणाले. इतका जीव लावू नये माणसांना.

पण झोप ती झोप. साहेबांनी सुताराला हळूच गाठलं. "चौकट फुगलीय, मापाला म्हणून दार लावून बघायचं, असं सांग. आणि लावलं की विसरून जा. कुठे ठेवलंयस ते?"

सुतार घुटमळला. "मागच्या गोदामात. पण आत्ता नको साहेब. आत्ता सगळे जेवत असतील."

"जेवू देत. त्यांच्या जेवणाचा आणि माझ्या दाराचा काय संबंध?"

गोदामाचं दार ढकलून साहेब आत शिरले आणि जागच्या जागी थांबले. फायलींच्या दोन कपाटांवर त्यांचं दार आडवं टाकलेलं होतं. भोवती अख्खी कचेरी दाटीवाटीनं बसली होती. त्यांच्या नावाच्या पाटीवर एक गरम पातेलं ठेवलेलं होतं.

कुणाचं लक्ष नव्हतं. "मामा, त्या एकट्या राहणाऱ्या आजींना तुम्ही डबल गादी टाकून आलात," तक्रारवाल्या बाई म्हणत होत्या. "त्यांना खोलीत पाय ठेवायला जागा नाही."

"असं होय? मग आज जाताना बदलून देतो. मीठ सरकवा जरा."

साहेब ऐकतच राहिले. हे दोघं वर्षानुवर्षं प्लायवूडच्या एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसून एकमेकांना ईमेल धाडत होते. आजींची गादी बदलायला तेव्हा महिना लागला असता. मुख्य कचेरीनं कौतुकानं भिंतीवर लावलेला तक्रारींचा खाली उतरणारा आलेख इथे, मीठ सरकवता सरकवता, उतरत होता.

तेवढ्यात सगळ्यांनी वर पाहिलं. हातातले घास हातातच राहिले. मागोमाग आलेल्या सुतारानं खिशातून बिजागऱ्या काढल्या.

"उचलू साहेब?"

साहेबांनी दाराकडे पाहिलं. मग बाईंकडे, मामांकडे. मग पुन्हा दाराकडे, जरा जास्त वेळ.

"उचलतोस काय?" ते म्हणाले. "डुगडुगतंय ते. खाली लाकडाचा तुकडा ठोक. आणि ते पातेलं माझ्या आडनावावरून जरा बाजूला घ्या."

बाईंनी पातेलं सरकवलं, मामांनी स्टूल पुढे केलं. साहेब पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर जेवले.

जेवणं आटोपली. ज्यानं त्यानं डबे उचलले, दार स्वच्छ पुसलं आणि सगळे कामाला लागले. मागे साहेब एकटेच उरले. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की गोदामाला दार आहे. आणि त्याला आतून कडी आहे.

त्यांनी कडी लावली, बूट काढले, कोट घडी करून उशाला घेतला आणि आपल्या दारावर ते आडवे झाले.

जाग आली तेव्हा कचेरी सुटायला आली होती. इतकी गाढ झोप त्यांना कंपनीच्या एकाही गादीवर कधी लागली नव्हती. ही गोष्ट मात्र त्यांनी ॲपवर टाकली नाही. नाव न देतासुद्धा.