वेरेनाचे जुळणारे गुण

"चाचणी पुन्हा दे," डॉक्टर रोस्विता म्हणाल्या.

वेरेनाने निमूटपणे खुर्ची संगणकाकडे ओढली. बाईंना त्याचाच संशय आला. एरवी ही पोर एका शब्दाला चार ऐकवणारी.

स्कीच्या शर्यती सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूची स्मरणशक्ती आणि तल्लखपणा असा मोजून ठेवायचा, हा नियम. पुढे कोणी डोक्यावर आपटलं की तीच चाचणी पुन्हा. गुण आधीइतके आले तर उतरा शर्यतीत, घसरले तर बसा घरी. म्हणून बेरकी पोरं पहिली चाचणीच मुद्दाम वाईट देत. ऑस्ट्रियाच्या या अख्ख्या टिरोल प्रांतात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

बाई खिडकीशी उभ्या राहून तिला निरखू लागल्या. शब्द आठवताना वेरेना कपाळाला आठ्या घालत होती, ओठ चावत होती. काय पण नाटक! गेल्या हंगामात ही भरधाव येऊन कडेच्या जाळीवर आदळली होती. तेव्हाही बाईंच्या मनात पाल चुकचुकली होती. पण पोर हसत होती, गुण आधीच्या गुणांशी तंतोतंत जुळत होते. बाईंनीच तिला त्याच आठवड्यात पुन्हा उतारावर सोडलं. आणि ती जिंकूनही आली.

चाचणी संपली. गुण पुन्हा तेवढेच कमी. गेल्या वर्षीचेच.

दारात टेकलेला प्रशिक्षक गेबहार्ट हसला. "सोडा हो, डॉक्टरीणबाई! सगळेच करतात. माझ्या वेळी तर मी शुद्ध ठोंब्या ठरलो होतो. करा सही, पोरं वर हिमनदीवर सरावाला खोळंबलीत."

"नाही करत!" बाई कडाडल्या. आपल्याला कोणी बनवतंय, हे त्यांना सहनच होत नसे. "वेरेना, मला खुळी समजतेस? गेल्या वर्षीही तू हेच केलंस. आता नीट दे, नाहीतर यंदा एकही शर्यत नाही."

वेरेना पडद्याकडेच बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"गेल्या वर्षी मुद्दाम चुकले होते, डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. "आज दोन्ही वेळा जीव तोडून दिली."