दोन डोस

कोरोनात बैलांच्या शर्यतीचा शंकरपट बंद होता, तरी कृष्णराव धान निघालेल्या बांधीत जोडी पळवत. टोकाला त्यांची बायको चंद्रभागाबाई सरकीच्या ढेपेचं घमेलं घेऊन उभी असे. तिच्यापाशी पोचलं की बैलांना ढेप मिळे.

यंदा पट पूर्ण गर्दीत भरणार होता, पण प्रवेश दोन डोस घेतलेल्यांनाच. चंद्रभागाबाई सुईला भ्यायची. "घेऊन टाक वो. आपली जोडी जिंकताना पाहशील," म्हणत कृष्णरावांनी तिला दोन्ही वेळा स्वतः नेलं.

पटावर त्यांची जोडी बरीच पुढे होती. अर्ध्या वाटेत, बायकांच्या गर्दीत चंद्रभागाबाई दिसली. बैल वळले आणि तिच्यापुढे जाऊन थांबले.

छकड्यावरून कृष्णरावांनी तिच्याकडे पाहिलं.

"माह्याकडं कायले पायता जी?" ती म्हणाली. "सुया तं तुमीच टोचवल्या."