पाटीवरचा आकडा

खाण बंद पडली आणि गाव पांगलं. गावाबाहेरच्या पाटीवरचा लोकसंख्येचा आकडा पेंटरकाका दर महिन्याला खोडून कमी करत होते. शेवटी एक उरला, तो त्यांचा स्वतःचाच.

साहेब जीप घेऊन आले. "काका, शून्य लिहा आणि बसा गाडीत. पाटीवर शून्य आल्याशिवाय वीज तोडता येत नाही."

"मी इथे उभा असताना शून्य लिहिलं तर ते खोटं होईल, साहेब. चाळीस वर्षांत एक आकडा चुकवला नाही."

"मग तुम्ही बसा. मी लिहितो."

"लिहा की. पण तेव्हा इथे तुम्ही उभे असाल."

साहेब विचारात पडले. ते त्यातून बाहेर येईपर्यंत काकांनी एक खोडून दोन लिहिलं होतं.

खाण बंद पडल्यापासून आकडा पहिल्यांदाच वाढला होता.