काचेपासून जरा वर

“तुझेही जिवाणू गोल गोल फिरतायत. बिघडलेत. फेकून दे,” मायक्रोस्कोपवरून डोळे काढत हर्षलाचे गाईड म्हणाले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्ची ओढून तिने स्वतः पाहिलं. तळाच्या काचेलगत ते खरंच घिरट्या घालत होते. तिने फोकसचा नॉब किंचित फिरवला, नजर काचेपासून वर, थेंबाच्या मध्यावर नेली. तिथे तेच जिवाणू सरळ सुसाट पोहत होते.

“बघा सर! भिंतीजवळ आले की वळतात, एवढंच. बिघडलेले नाहीत.”

सरांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “वा! यावर आपला पेपर होईल.”

“पेपर राहू द्या. याच घिरट्यांवरून गेल्या वर्षी तुम्ही प्रणालीला निष्काळजी ठरवून लॅबमधून काढलंत. तिला फोन तुम्ही लावताय की मी लावू?”